फायरमनकाका ओरडले

बालवर्गाच्या बाईंचा नवरा अग्निशमन दलात होता आणि शाळेत हे सगळ्यांना ठाऊक होतं, हेच बाईंचं दुर्दैव. 'आपले मदतनीस' हा पाठ आला की सगळ्यांच्या माना आपोआप त्यांच्याकडे वळायच्या. पोस्टमन आणायचा तर पोस्टाच्या पायऱ्या झिजवाव्या लागतात, डॉक्टरांना वेळ नसतो, पोलिसांना विचारायची कुणाची छाती होत नाही. फायरमनचं काय, तो घरचाच!

"तुमचं बरंय बाई, मदतनीस तुमच्या घरातच नांदतोय," मुख्याध्यापिका म्हणाल्या. "नुसता तक्ता दाखवून किती दिवस शिकवणार? या वेळी मुलांना बंबच दाखवून आणा. खराखुरा."

बाई नुसत्या हसल्या. घरात नांदणाऱ्या मदतनिसाबद्दल त्यांचं जे मत होतं ते मुख्याध्यापिकांना सांगण्यासारखं नव्हतं.

म्हणजे नवरा वाईट होता असं मुळीच नाही. उलट तो इतका चांगला होता की गल्लीत कुणाचंच त्याच्यावाचून पान हलत नसे. कुणाची किल्ली आत राहिली, कुणाचा नळ तुटला, कुणाचं मांजर पत्र्यावर चढून बसलं की हाक आलीच, आणि हा भरल्या ताटावरून उठून चालला. घरी मात्र न्हाणीघराची कडी निखळून कित्येक महिने झाले होते. आंघोळीला गेलेलं माणूस दाराला आतून बादली लावायचं आणि मोठमोठ्याने गाणी म्हणायचं. गाणं थांबलं की न्हाणीघर रिकामं, असं घरच्यांनी ठरवूनच टाकलं होतं. सासूबाईंना गाता येत नसे, म्हणून त्या आतून खोकत राहायच्या. कडीचा विषय काढला की नवऱ्याचं उत्तर ठरलेलं, "अगं, मी आहे ना!"

ते 'मी आहे ना' ऐकलं की बाईंच्या डोक्यात तिडीक जायची. कारण तो हे नेमकं म्हणायचा तेव्हा, जेव्हा तो असणार नसायचा.

बंबाचं विचारलं तेव्हाही तेच.

"साहेबांची परवानगी लागेल ना? शाळेचा अर्ज आणून देऊ?"

"अर्ज कसला? घरचंच तर काम आहे. मी आहे ना."

"अहो, निदान साहेबांच्या कानावर तरी घाला."

"घालतो गं. शिडी चढून दाखवतो, पाणी उडवून दाखवतो. बघच तू."

आठवडाभर बाईंनी जीव तोडून शिकवलं. भिंतीवरच्या तक्त्यात फायरमन होता. गोरा गोमटा, गालावर खळी आणि काखेत मांजराचं पिल्लू. बाई पट्टी त्याच्यावर ठेवायच्या आणि विचारायच्या, "आग लागली की कोण येतं?"

"फायरमनकाका!"

"ते कसे असतात?"

"शूर!"

"आणखी कसे?"

"प्रेमळ!"

सगळ्यात मोठा आवाज लवंगीचा. वर्गात सगळ्यात लहानखुरी आणि सगळ्यात तिखट म्हणून बाईंनीच तिचं नाव लवंगी ठेवलं होतं. आठवडाभर ती डब्याचं झाकण डोक्यावर धरून हिंडत होती. मी मोठेपणी फायरमनकाका होणार, असं तिने जाहीर केलं होतं. काका कशी होशील, काकू होशील, असं एक मुलगा म्हणाला, तर ती त्याला चावली होती.

ठरलेल्या दिवशी गाठी मारलेला लांब दोर घेतला, एकेका गाठीला एकेक मूल धरवलं, पुढे बाई आणि मागे शाळेच्या मावशी अशी वरात निघाली. वीस-बावीस मुलं. एकाच्या बुटाची नाडी सुटायची, तोवर दुसऱ्याला रस्त्यात मुंगी सापडायची. दहा मिनिटांच्या वाटेला अर्धा तास लागला. ऊन चढलं होतं. बाईंचा घसा वाटेतच बसला. पण अग्निशमन केंद्राच्या फाटकातून आतले तांबडेलाल बंब दिसले आणि मुलांच्या तोंडून असा काही आवाज निघाला, की बाईंना वाटलं, चला, पायपिटीचं चीज झालं.

फाटकावर शिपाई होता. तो दोराकडे बघत म्हणाला, "हे काय?"

"शाळेची मुलं. बंब बघायला आलोत."

"परवानगी?"

"आमचे हे आहेत ना आत. त्यांनी सांगितलं असेल."

"ताई," शिपाई शांतपणे म्हणाला, "आत सगळे कुणाचे तरी 'हे'च आहेत."

मग बाईंनी नाव सांगितलं, शिपायाने आत हाक मारली आणि नवरा फडक्याला हात पुसत बाहेर आला. बाईंना पाहिलं, दोर पाहिला, दोराला लटकलेली मुलं पाहिली आणि त्याचा चेहरा पडला.

"आज होतं का ते?" तो म्हणाला.

बाईंनी हातातली दोराची गाठ घट्ट आवळली.

झालं होतं असं, की त्याने साहेबांच्या कानावर घातलं होतं हे खरं, पण ते साहेब मागच्याच आठवड्यात बदलून गेले होते. नवे साहेब कडक. विनापरवाना बाहेरची चिमणीही आत यायची नाही, हा त्यांचा पहिला हुकूम. आणि ते आज दुसऱ्या केंद्रावर गेलेले, म्हणजे विचारायलाही कुणी नाही.

मुलांसमोर आवाज चढवायचा नाही हा बाईंचा नेम होता. म्हणून त्या चेहऱ्यावर हसू ठेवून, दातांच्या फटीतून बोलू लागल्या. "मी अर्ज आणते म्हणाले होते. म्हणाले होते की नाही?"

"अगं, पण—"

"आता या पोरांना काय सांगू? तुम्हीच सांगा. सांगा ना."

"हळू बोल, शिपाई ऐकतोय."

"ऐकू दे."

"बाई," लवंगीने खालून विचारलं, "तुम्ही काकांना रागावताय?"

"नाही बाळा. बोलतेय."

"मग दात का आवळलेत?"

नवऱ्याने शिपायाकडे पाहिलं, शिपायाने आकाशाकडे पाहिलं. "फाटकाच्या बाहेर काय वाटेल ते दाखव," तो म्हणाला, "बाहेरचं मला दिसत नाही." नवरा पळत आत गेला आणि आपला जाडजूड कोट व हेल्मेट घेऊन आला. कोट त्याने मुलांच्या हातात दिला. मुलांनी तो ओढून, हुंगून, पाच जणांनी मिळून उचलून पाहिला. हेल्मेट सगळ्यांनाच हवं होतं, पण ते अर्थातच लवंगीच्या डोक्यावर गेलं. ते थेट तिच्या हनुवटीपर्यंत उतरलं आणि आतून तिचा घुमणारा आवाज आला, "मी आले! कुठे आहे आग?"

मुलं खदखदून हसली. नवराही हसला. त्याने बाईंकडे अशा नजरेने पाहिलं, की बघ, निभावलं की नाही? बाईंचाही राग थोडा सैल पडत होता. तेवढ्यात आत घंटा खणखणली.

बाईंनी त्याचा चेहरा बदलताना पाहिला. इतक्या वर्षांत त्याला त्यांनी घरी पाहिलं होतं, लग्नकार्यात पाहिलं होतं, आजारी पाहिलं होतं, पण हा माणूस पाहिला नव्हता. डोळ्यांत ओळखच नाही. त्याने पाच जणांच्या हातून कोट खेचला आणि हेल्मेटला हात घातला. लवंगीने आतून पट्टा घट्ट धरून ठेवला होता.

"सोड!" तो ओरडला.

तिने सोडला नाही. त्याने हिसका दिला. हेल्मेट निघालं आणि लवंगी धपकन मातीत बसली. त्याने वळूनसुद्धा पाहिलं नाही. "मागे व्हा! सगळे मागे!" म्हणत शिपायाने फाटक सताड उघडलं, भोंगा कानठळ्या बसवत सुरू झाला आणि डोंगराएवढा बंब मुलांच्या समोरून धूळ उडवत निघून गेला.

मग जी रडारड झाली ती विचारू नका. एक रडलं म्हणून दुसरं, दुसरं रडलं म्हणून सगळी. एकाची चड्डी ओली झाली. दोराचा असा गुंता झाला, की मावशींनी तो सोडवायचा नाद सोडून दोघांना काखोटीला मारलं आणि तिसऱ्याला दामटत नेलं. बाई एकाचे डोळे पुसत होत्या आणि मनातल्या मनात नवऱ्याचा उद्धार करत होत्या. लवंगी तेवढी रडली नाही. ती परतीच्या वाटेवर एक अक्षर बोलली नाही. शाळा सुटताना आई घ्यायला आली तेव्हा तिने फक्त एकच वाक्य सांगितलं, "फायरमनकाका ओरडले."

संध्याकाळी नवरा घरी आला तो जळक्या प्लॅस्टिकच्या वासासकट. बाई ओट्याशी पाठमोऱ्या उभ्या होत्या.

"पोरगी रडली का गं?" त्याने विचारलं.

"नाही. तेच तर." बाईंनी वळून पाहिलं. "कुठे लागली होती आग?"

तो जरा घुटमळला. "मैदानामागे. कचरा पेटवला होता कुणीतरी. धूर बघून लोकांनी फोन केला. गेलो आणि विझवून आलो, विशेष काही नव्हतं."

"कचरा?"

"हो."

"कचऱ्यासाठी तू त्या चिमुरडीला मातीत बसवलंस?"

लग्न झाल्यापासून बाईंनी त्याला पहिल्यांदाच अरे-तुरे केलं होतं. बाहेरच्या खोलीत सासूबाईंच्या टीव्हीचा आवाज एकदम बंद झाला. पण बाईंना आता आवरणं शक्य नव्हतं. "आठवडाभर मी घसा फोडून शिकवतेय, फायरमनकाका प्रेमळ असतात म्हणून! माझी मुलं पाठ म्हणून दाखवतात! सगळ्या जगाला तू पुरतोस, फक्त माझ्या वाट्याला आलास की तुझं विसरायचं ठरलेलं. एक अर्ज! एक कागद तुला साहेबांच्या टेबलावर ठेवता आला नाही!"

"चुकलं माझं," तो म्हणाला.

"ते तर दर वेळी चुकतंच."

"मी उद्या शाळेत येतो. सुट्टीच आहे मला. मुलांना भेटतो—"

"नको!" बाईंनी हातातला चमचा ओट्यावर आपटला. "येतो म्हणू नका. तुम्ही येतो म्हणता आणि मी वाट बघणाऱ्यांची समजूत काढत बसते."

बऱ्याच वेळाने बाहेर टीव्हीचा आवाज हळूच सुरू झाला.

दुसऱ्या दिवशी सकाळीच लवंगीची आई मुख्याध्यापिकांच्या खोलीत बसलेली होती. बाईंना आत बोलावणं आलं.

"माझ्या मुलीला त्या माणसाने ढकललं," आई म्हणाली. "मदतनीस म्हणे! अशी मदत असते?"

"बाई, हे शोभतं का?" मुख्याध्यापिका म्हणाल्या. "तुमच्या मिस्टरांना लहान मुलांशी कसं वागायचं एवढंही कळू नये?"

हेच सगळं बाईंनी काल स्वतः म्हटलं होतं, याहून कडू शब्दांत. पण तेच दुसऱ्याच्या तोंडून आलं तेव्हा त्यांना सहन होईना. त्या म्हणाल्या, "परवानगी नव्हती, ती चूक आमची. मी माफी मागते. पण घंटा झाल्यावर त्यांनी काय करायचं होतं? 'बाळा, दे ना टोपी, शहाणी ना तू' असं म्हणत बसायचं होतं?"

"म्हणून ढकलायचं?"

"ढकललं नाही. हेल्मेट ओढलं."

"त्यात काय फरक?"

आपण नक्की कुणाची बाजू घेतोय हेच बाईंना कळत नव्हतं. नवऱ्याचा राग जिथल्या तिथे होता, वर आता या दोघींचाही येत होता. मुख्याध्यापिकांनी निकाल दिला, की यापुढे सहली बंद, आपला तक्ता बरा. ही सहल कुणाच्या डोक्यातून निघाली होती, हे त्या सोयिस्करपणे विसरल्या होत्या.

वर्गात पाऊल टाकलं तर तिथे वेगळाच प्रकार. एक मुलगा चमच्याने डबा बडवत होता, "ठण ठण ठण!" आणि त्याबरोबर बाकीची मुलं धावत जाऊन समोर येईल त्याच्या हातातली वस्तू हिसकावत होती आणि किंचाळत होती, "सोड!" पाण्याच्या बाटल्या, रुमाल, खडू, एकाच्या तर पायातला बूट. ज्याचं गेलं तो मुद्दाम धपकन खाली बसायचा.

"हे काय चाललंय?"

"फायरमन-फायरमन!"

बाईंनी पट्टी उचलली आणि तक्त्यापाशी गेल्या. खळीवाला फायरमन पिल्लाला घेऊन हसत होता. "फायरमनकाका कसे असतात?" त्यांनी उरल्यासुरल्या आवाजात विचारलं.

"ओरडतात!"

"आणखी कसे?"

"हिसकावतात!"

बाई खुर्चीत बसल्या. असंही वाटलं, की पट्टी मोडावी, तक्ता फाडावा आणि सरळ घरी जावं. पण घरी तरी कोण होतं? तोच फायरमन!

दुपारी डबे उरकल्यावर दारात सावली पडली. नवरा उभा होता, साध्या शर्टात, चपला हातात घेऊन. येतो म्हणाला नव्हता आणि आला होता.

"हे कुणाचे बाबा?" एका मुलाने विचारलं. गणवेशाशिवाय त्याला कुणीच ओळखलं नाही. तो मुलांच्या बुटक्या खुर्चीवर बसला, गुडघे हनुवटीला टेकले. "काल ओरडलो ना, तोच मी," तो म्हणाला.

कोपऱ्यातली लवंगी उठली आणि त्याच्यासमोर येऊन, हातभर अंतर राखून उभी राहिली.

"आग विझवली?" तिने विचारलं.

"विझवली."

"कुणाचं घर होतं?"

त्याने बाईंकडे पाहिलं. बाईंना वाटलं, आता तरी थाप मारावी याने. घर होतं म्हणावं, आत बाळ होतं म्हणावं, म्हणजे सगळ्यांचं तोंड बंद होईल. त्यांनी डोळ्यांनी खुणावूनही पाहिलं.

"घर नव्हतं," तो म्हणाला. "कचरा होता."

"कचरा?" लवंगीच्या भुवया वर गेल्या. "मग एवढं ओरडलात कशाला?"

त्याने मान खाजवली. "घंटा वाजते ना, तेव्हा ते कळत नाही गं. कचरा आहे की घर, ते तिथे पोचल्यावर कळतं. पोचेपर्यंत ते घरच असतं. आणि घरात कुणीतरी असतंच."

लवंगीने यावर बराच विचार केला. मग कोपर पुढे केलं. "मला इथे लागलं."

कोपरावर काही नव्हतं. तरी त्याने ते हातात घेऊन नीट पाहिलं, उलटंसुलटं करून पाहिलं.

"सॉरी म्हणा," ती म्हणाली.

"सॉरी."

"मोठ्याने."

"सॉरी!"

"आता कालच्यासारखं ओरडून दाखवा."

"ओरडा! ओरडा!" सगळा वर्ग नाचायला लागला. बाई जोरजोरात मान हलवून नको नको म्हणत होत्या, पण या माणसाला कुणाला नाही म्हणता आलं असतं तर हे रामायण घडलंच कशाला असतं? त्याने छाती भरून श्वास घेतला आणि खिडक्यांची तावदानं थरथरतील असा आवाज काढला, "सोड!"

मुलं आनंदाने किंचाळली, आणि दारात मुख्याध्यापिका येऊन उभ्या राहिल्या.

बाईंकडे फक्त एकदा बघून त्या निघून गेल्या. त्या बघण्याचा अर्थ बाईंना पुढचा महिनाभर भोगायला लागणार होता. नवरा ओशाळून उठला आणि वर्गाबाहेर आला. मागोमाग बाई आल्या.

"तू नको म्हणत होतीस का?" त्याने विचारलं.

बाईंनी ते कानांआड केलं. "हे घरी कधी सांगितलं नाहीत."

"काय?"

"पोचेपर्यंत ते घरच असतं, ते."

"त्यात सांगण्यासारखं काय आहे?"

"तुम्ही ताटावरून उठून जाता तेव्हा मला काय वाटतं, माहीत आहे? वाटतं, याला इथे बसवतच नाही. बाहेरून कुणी हाक मारतंय याचीच हा वाट बघत असतो."

तो खाली बघत म्हणाला, "तसंही असतं कधीकधी."

भडका उडावा असंच उत्तर होतं ते, आणि उडालाही. पण इतक्या वर्षांत पहिल्यांदाच बाईंच्या रागाला 'मी आहे ना' सोडून दुसरं काही उत्तर मिळालं होतं. "मग आज हे बोलून संपवायचं," त्या म्हणाल्या. "शाळा सुटेपर्यंत थांबता येईल?"

"थांबतो."

बाईंचा अर्थातच विश्वास बसला नाही. वर्गात जाऊन त्यांनी मुलांना बूट घातले, दप्तरं अडकवली आणि एकेकाला ज्याच्या त्याच्या आईच्या हवाली केलं. लवंगीची आई त्यांच्याशी बोलली नाही. लवंगी मात्र आईला ओढत सांगत चालली होती, "अगं, तो कचरा होता! पण त्यांना माहीत नव्हतं!"

सगळं आवरून बाई बाहेर आल्या. नवरा होता, पायऱ्यांपाशीच होता. मावशींची सायकल उलटी करून तो तिची चेन बसवत होता. हात कोपरापर्यंत काळे, आणि मावशी शेजारी उभ्या राहून कौतुकाने बघत होत्या.

"दोनच मिनिटं गं," तो म्हणाला.

बाईंनी पर्स पायरीवर आपटली आणि तिच्याशेजारी बसल्या. "हात चालू द्या," त्या म्हणाल्या. "पण कान इकडे असू द्या." मावशी समजूतदार होत्या. पाणी आणते म्हणून आत गेल्या आणि लवकर बाहेर आल्या नाहीत.